आम्ल माध्यम गृहीत धरा

शितोळे सरांनी शिरूरच्या एका ज्युनिअर कॉलेजात एकतीस वर्षं रसायनशास्त्र शिकवलं आणि त्या एकतीस वर्षांत एकही चूक केली नाही. ज्या झाल्या त्या त्यांनी मुद्दाम केल्या. फळ्यावर काही चुकलं आणि एखाद्या पोराच्या ते ध्यानात आलं, की सर खडू खाली ठेवत, रुमालाने बोटं पुसत आणि म्हणत, "शाब्बास. मी मुद्दाम चुकलो. बघत होतो, वर्गात जागं कोण आहे." मग वर्ग टाळ्या वाजवायचा. टाळ्या चूक शोधणाऱ्यासाठी असत, पण मान किंचित लववून त्या सरच स्वीकारत.

मी त्यांची दोन वर्षांची विद्यार्थिनी. अकरावी आणि बारावी. आता रांजणगावला एका कंपनीच्या लॅबमध्ये केमिस्ट आहे. तिथं मोटारसायकलच्या सुट्या भागांना क्रोमचा मुलामा देतात. पगारापुरतं जे रसायनशास्त्र मला येतं ते सरांचं आहे आणि त्याबद्दल मी त्यांची ऋणी आहे. हे एकदा सांगून टाकते, म्हणजे पुढे मोकळेपणाने बोलता येईल.

सर उंचीने बेताचे, आवाजाने भरपूर. कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशाला चार पेनं, त्यांतलं चालणारं एक. उजव्या हाताच्या तीन बोटांची टोकं कायम तपकिरी. ते पोटॅशियम परमँगनेटचे डाग होते. हे डाग लिंबाच्या रसाने जातात हे सरांनीच आम्हाला शिकवलं होतं, का जातात तेही फळ्यावर लिहून दिलं होतं. पण स्वतःच्या बोटांना त्यांनी कधी लिंबू लावलं नाही. लग्नात अक्षता टाकतानासुद्धा तीच बोटं पुढे. काकू, म्हणजे त्यांच्या पत्नी, एकदा आमच्यादेखत म्हणाल्या, "लोकांना वाटतं हे तंबाखू मळत्यात." सर म्हणाले, "वाटू दे. ज्याला परमँगनेट कळतं त्याला ही बोटं कळतील." अशी माणसं शिरूर तालुक्यात किती होती कोण जाणे, पण त्यांच्यासाठी सरांनी बोटं तशीच ठेवली.

पोरांची नावं लक्षात ठेवणं हे आपलं काम नाही असं त्यांचं ठाम मत होतं. ते आम्हाला गावावरून हाक मारत. मी निमोण्याची, म्हणून "निमोणे, उठ." माझ्या मागच्या बाकावर रफिक मुलाणी बसायचा. त्याचं घर दौंडला, राहायला शिरूरला मामाकडे. तो "दौंड." एकाच गावची दोघं वर्गात आली की सरांची पंचाईत व्हायची, मग त्यांतल्या एकाच्या वाट्याला वाडीचं नाव यायचं. माझ्या वर्गातली एक मुलगी वर्षभर "शिवाचा मळा" म्हणून हजेरी देत होती.

सरांचा जीव एका धड्यात होता. ऑक्सिडेशन आणि रिडक्शन. बाकीचे धडे ते उरकायचे, हा मात्र दिवाळीपर्यंत चालायचा. अणूने इलेक्ट्रॉन सोडले की त्याचा आकडा वाढतो, घेतले की कमी होतो. तो आकडा म्हणजे ऑक्सिडेशन नंबर. एका बाजूने जेवढे सुटले तेवढेच दुसऱ्या बाजूने घेतले गेले पाहिजेत, मधल्या मध्ये काही गायब होत नाही. गोष्ट एवढीच. पण एवढ्या गोष्टीत सगळं जग मावतं असं सरांना वाटे. ग्रामपंचायतीचा सदस्य पॅनेल बदलून गेला, कुणाची सोयरीक मोडली, शेजारच्या कॉलेजने आमचा गणिताचा मास्तर पळवला, काहीही होवो, पेपरावरची नजर न काढता सर विचारत, "सोडला कुणी, घेतला कुणी?" उत्तराची वाट ते बघत नसत.

स्टाफरूममधल्या प्रत्येकाला त्यांनी आकडा दिलेला होता. प्राचार्य अधिक सात. "यांच्याजवळ सोडण्यासारखं काही राहिलेलं नाही. आता समोर येईल त्याचं काढून घेणार." इंग्रजीच्या मॅडम उणे एक, कारण त्या एवढ्यातेवढ्यावर समाधानी असत. स्वतःला मात्र त्यांनी शून्य ठेवलं होतं. "मूलद्रव्य. आपण कुणाचं घेतलं न्हाई, कुणाला दिलं न्हाई." आमच्या प्रॅक्टिकलच्या वह्या त्यांच्या घरी सहा-सहा महिने पडून असत, तेव्हा घेतलं नाही हे काही खरं नव्हतं. पण आकडे द्यायचा अधिकार त्यांच्याकडे होता.

इलेक्ट्रॉन कळावेत म्हणून सरांनी हरभरे आणले. हे मात्र त्यांचं खरं डोकं. प्रत्येकाच्या हातात भाजलेले हरभरे द्यायचे, एक हरभरा म्हणजे एक इलेक्ट्रॉन, आणि वर्गात देवघेव करायची. त्या दिवशी पाच पोरं लोखंड झाली होती आणि रफिक मँगनीज. मँगनीजने प्रत्येक लोखंडाकडून एकेक इलेक्ट्रॉन घ्यायचा, असे पाच, आणि अधिक सातवरून अधिक दोनवर यायचं. रफिक पाचही जणांकडे फिरला, हरभरे घेतले आणि फळ्यासमोर येऊन मूठ उघडली. मुठीत तीन.

"दोन कुठं गेले?" सरांनी विचारलं.

"सर, मामी माहेरी गेलीय. आज डबा न्हाई आणला."

"दौंड, इलेक्ट्रॉन नाहीसे होत नसतात."

"व्हय सर. माझ्यातच हायेत."

वर्ग हसायचा थांबेना. त्याने सांगितलं ते रसायनशास्त्राच्या हिशेबाने बिनचूक होतं, आणि सर अन्याय करणारे नव्हते. "उत्तर बरोबर," ते म्हणाले, "पद्धत चूक." दुसऱ्या दिवसापासून त्यांनी चिंचोके आणले. पोरांनी पुढच्या आठवड्यात तेही भाजून खाल्ले.

रफिक हुशार होता आणि त्याची एक खोड होती, त्याला दिसलं ते तो बोलायचा. एकदा सरांनी हायड्रोजन पेरॉक्साइडचं गणित घातलं आणि ऑक्सिजनचा आकडा नेहमीप्रमाणे उणे दोन धरला. पेरॉक्साइडमध्ये तो उणे एक असतो; हा पुस्तकातला ठळक अपवाद, परीक्षेत हमखास येणारा. सरांचं समीकरण काही केल्या जुळेना. एकदा पुसलं, दोनदा पुसलं, कपाळाला खडू लागला. मागून रफिक म्हणाला, "सर, तिथं उणे एक पायजे." सरांनी खडू खाली ठेवला. रुमाल काढला. शाब्बास, मुद्दाम, जागं कोण आहे, सगळं झालं. टाळ्याही झाल्या. मग पुढचे आठ दिवस प्रत्येक तासाला पहिला प्रश्न दौंडला. अवघड प्रश्न, पुस्तकाबाहेरचे, एकेक असा की त्याचं उत्तर सरांनाही दुसऱ्या दिवशी द्यावं लागायचं. आठव्या दिवशी रफिकला एकही आला नाही आणि तो तासभर उभा राहिला. सर त्याला रागावले नाहीत. "जागं राहायला लागतं," एवढंच म्हणाले.

त्यानंतर फळ्यावर चूक दिसली की आम्ही ती तशीच वहीत उतरवून घ्यायचो. सर मुद्दाम चुकलेत की खरंच, हे ठरवण्याच्या भानगडीत कुणी पडत नसे. घरी जाऊन पुस्तकातलं बघायचं आणि गप्प बसायचं, हे आम्ही अकरावीतच शिकलो.

आमच्या निमोण्यातही सरांचं एक व्याख्यान झालं होतं. डाळिंबावर फवारायला मोरचूद आणि चुना यांचं पाणी करतात. त्यात चुना कमी पडला तर मोरचूद पानं जाळतो. सरांना कुणीतरी शेतकरी मेळाव्याला बोलावलं आणि त्यांनी फळ्यासकट यायचं कबूल केलं. देवळाच्या मंडपात तासभर व्याख्यान. लोखंड दोन इलेक्ट्रॉन सोडतं, मोरचुदातलं तांबं ते घेतं आणि लोखंडावर येऊन बसतं, म्हणून द्रावणात लोखंडी वस्तू बुडवली आणि ती तांबडी झाली तर समजायचं की तांबं अजून मोकळं आहे. दोन्ही अर्ध्या अभिक्रिया, इलेक्ट्रॉनसह, फळ्यावर. पुढच्या ओळीत माझे चुलते बसले होते. त्यांना गाव आप्पा म्हणतं. त्यांनी सगळं शांतपणे ऐकलं आणि शेवटी विचारलं, "म्हंजी सर, विळा बुडवायचा, आन् तांबडा झाला की अजून चुना टाकायचा. असंच ना?"

"तेच मी मघापासून सांगतोय."

"न्हाई, बरोबर हाय तुमचं. आमी करतो तसं. फकस्त विळा दोन मिन्टात सांगतो."

मंडपात हशा झाला, सरही हसले. नारळ घेतला, शाल घेतली, डाळिंबाची पिशवी घेतली. दुसऱ्या दिवशी वर्गात येऊन म्हणाले, "काल निमोण्याच्या शेतकऱ्यांना मी विळ्याची चाचणी शिकवून आलो." मी पहिल्या बाकावर होते. सरांनी माझ्याकडे बघितलं, मी वहीकडे बघितलं. आप्पांचे वडीलही विळाच बुडवत होते हे मला बोलता आलं असतं, पण मी बोलले नाही.

सर निवृत्त झाल्यावर शिरूरला त्यांना करमेना. रोज सकाळी सातला जुन्या विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर ते एक अर्धी अभिक्रिया टाकू लागले. लोक फुलांचे फोटो टाकत, सर जस्त टाकत. खाली पंधरा-वीस जणांचे जोडलेले हात यायचे, उरलेली अर्धी अभिक्रिया कुणाकडूनच यायची नाही.

अशात आमच्या कंपनीला सांडपाण्याच्या विभागासाठी एक तज्ज्ञ हवा होता. तज्ज्ञ म्हणजे फाइलमध्ये लावायला नाव आणि सही. आमच्या सेफ्टी ऑफिसरला सरांनीच शिकवलेलं. त्याने सरांचं नाव सुचवलं. मग महिन्याच्या पहिल्या शनिवारी सर कंपनीच्या बसने रांजणगावला यायला लागले. मानधन त्यांनी नको म्हटलं, कँटीनचं जेवण मात्र सोडलं नाही. गेटवर पिवळं हेल्मेट मिळायचं. ते लोक कारखान्यात शिरताना घालतात आणि जेवायला बसताना काढतात. सर ते घालूनच जेवायचे. कँटीनच्या भिंतीवर टांगलेल्या आरशासमोरून गेले की पट्टा नीट करायचे.

सांडपाण्याच्या विभागात रफिक होता. बारावीनंतर बी.एस्सी.ची दोन वर्षं करून त्याने शिक्षण सोडलं होतं आणि चार वर्षं आमच्याकडे कंत्राटावर ऑपरेटर होता. कारेगावला एका खोलीत बायको आणि लहान मुलगी. त्या वर्षी त्याचं नाव कायम करायच्या यादीत लागलं होतं. प्लांट हेड साहेबांची सही झाली की ऑर्डर हातात.

काम काय ते थोडक्यात सांगते. क्रोमच्या मुलाम्याचं जे पाणी उरतं त्यातला क्रोमियम अधिक सहा असतो. तो विषारी, पाणी पिवळं दिसतं. बायसल्फाइट टाकलं की ते इलेक्ट्रॉन सोडतं, क्रोमियम तीन इलेक्ट्रॉन घेऊन अधिक तीनवर येतो आणि पाणी हिरवं होतं. मग चुना टाकायचा. अधिक तीनचा गाळ तळाला बसतो आणि वरचं पाणी टँकरने सामायिक शुद्धीकरण केंद्राकडे जातं. सहाचा तीन झाला पाहिजे, सगळा जीव एवढ्यातच. सरांचाच धडा तो, फक्त हरभऱ्यांऐवजी दहा हजार लिटरची टाकी.

या कामाचा कागद सरांनी स्वतःच्या अक्षरात लिहून दिला. वर ठळक नाव: "आम्लीय माध्यमात क्रोमियम सहाचे क्रोमियम तीनमध्ये रूपांतर." त्याखाली संपूर्ण समीकरण, डाव्या बाजूला पाच हायड्रोजन आयन, दोन्हीकडचे विद्युतभार जुळवलेले. त्याखाली चार पायऱ्या. एक, बायसल्फाइट टाका. दोन, अर्धा तास ढवळा. तीन, चुना टाका. चार, गाळ बसू द्या. खाली सही, सहीखाली पदव्या. रफिकने तो कागद लॅमिनेट करून टाकीच्या पॅनेलला लावला. मला म्हणाला, "आमचा बाप कुरकुंभला केमिकलमध्ये वीस वर्ष होता. त्याला कुणी कवा कागद दिला न्हाई. सगळं तोंडी. काय बी झालं की तूच केलंस म्हणायचे. आपल्याकडं सरांचा कागद हाय."

सुरुवातीला सगळं ठीक चाललं, कारण क्रोमचं पाणी मुळातच आंबट असतं. मग कंपनीने धुलाईची नवी लाइन टाकली. तिचं पाणी साबणासारखं, आम्लाच्या उलट स्वभावाचं, आणि पाइप वाचवायला ते त्याच टाकीत सोडलं. टाकीतलं आम्ल मारलं गेलं. आम्ल नसलं की बायसल्फाइट कितीही टाका, क्रोमियम सहा तसाच बसून राहतो. समीकरणातले ते पाच हायड्रोजन आयन कुणीतरी ओतायला लागतात. वर्गात ते कधीच ओतावे लागत नसत. सर गणित घालताना म्हणत, "आम्ल माध्यम गृहीत धरा," आणि आम्ही धरायचो.

टँकर महिन्यातून एकदाच जायचा; नव्या लाइननंतरचा पहिलाच एका दुपारी केंद्राच्या गेटवरून परत आला. पाणी पिवळं आहे, आत घेणार नाही. थेंबभर पाणी बाहेर गेलं नव्हतं, पण टँकर परत पाठवल्याचा कागद झाला. कागद झाला म्हणजे कुणाचं तरी नाव लागणार. प्लांट हेड साहेबांनी दुसऱ्या दिवशी चौकशी लावली. साहेबांना कुठल्याही गोष्टीचं कारण एका ओळीत आवडतं, आणि ती ओळ माणसाच्या नावाने संपली तर जास्त आवडतं. खोलीत रफिक, त्याचा सुपरवायझर, सेफ्टी ऑफिसर, लॅबकडून मी. तज्ज्ञ म्हणून सरांना खास गाडी पाठवली. सर हेल्मेट घालूनच बसले.

साहेबांनी लॅमिनेट केलेला कागद टेबलावर ठेवला. "वाच," ते रफिकला म्हणाले. "वर काय लिहिलंय?"

"आम्लीय माध्यमात..."

"आम्ल टाकलं होतं?"

"न्हाई साहेब."

"का?"

"पायऱ्यांत न्हाई साहेब. पहिली पायरी बायसल्फाइटची हाय."

"वर लिहिलंय."

"वर नाव हाय साहेब कागदाचं. मी खालचं केलं. जसंच्या तसं केलं."

"म्हणजे तू कागद नीट वाचला नाहीस." साहेब सरांकडे वळले. "सर, तुम्ही स्पष्ट लिहिलंय ना? आम्लीय माध्यमात?"

सरांनी फक्त हो म्हणायचा अवकाश होता. आणि ते खोटंही ठरलं नसतं. अक्षर त्यांचं, शब्द ठळक, खाली रेघ. बोर्डाच्या परीक्षेत त्या कागदाला पूर्ण मार्क मिळाले असते. रफिक खाली बघत होता. त्याची ऑर्डर साहेबांच्या ड्रॉवरमध्ये होती हे खोलीतल्या सगळ्यांना माहीत होतं.

सरांनी कागद जवळ ओढला. चष्मा वर केला, खाली केला. मग त्यांनी हेल्मेट काढून टेबलावर ठेवलं, खिशातून रुमाल काढला आणि बोटं पुसली. मला वाटलं, आता शाब्बास म्हणतात. शपथेवर सांगते, त्या क्षणी मला त्यांचा मनापासून राग आला होता.

"हे चुकलंय," सर म्हणाले. "माझं चुकलंय."

साहेब म्हणाले, "सर, पण तुम्ही तर वर..."

"ते परीक्षेत चालतं. परीक्षेत आम्ल कुणी ओतत न्हाई."

"तरी ऑपरेटरने समजून घ्यायला..."

"त्यानं काय समजायचं? मी पायऱ्या लिहिल्या, त्यानं पायऱ्या केल्या. पह्यली पायरीच मी लिहिली न्हाई. एकतीस वर्ष गृहीत धरत आलो, लिहिताना हात तिकडं गेलाच न्हाई." संतापले की सरांची भाषा गावाकडे जायची, तशी ती गेली होती, पण ते संतापले होते स्वतःवर. "त्या पोराचं नाव घालू नका. माझं घाला."

आता साहेबांची अडचण झाली. ऑपरेटरची चूक ही चूक असते, तज्ज्ञाची चूक म्हणजे कंपनीची चूक. त्यांनी समजावून बघितलं. सर, रेकॉर्डला तसंच राहू द्या, तुमच्या नावाला धक्का नको, मुलाला आम्ही फक्त ताकीद देऊ. "ताकीद दिल्यावर ऑर्डर देता का?" सरांनी विचारलं. सरांनी कोरा कागद मागितला आणि चार ओळी लिहून दिल्या. खाली सही केली, पदव्या लिहिल्या नाहीत.

इथं थांबले असते तर ते शितोळे सर कसले. लगेच म्हणाले, चला टाकीवर. सगळ्यांसमोर आम्ल टाकायला लावलं, पीएच कागद बुडवून प्रत्येकाच्या नाकासमोर धरला, मग बायसल्फाइट. पिवळं पाणी हळूहळू हिरवं झालं. त्यानंतर पाऊण तास व्याख्यान. सोडला कुणी, घेतला कुणी. साहेबांना उभं राहून ऐकावं लागलं, फोर्कलिफ्ट चालवणारा बिहारचा एक माणूस कौतुकाने मान हलवत होता आणि सर त्याच्याकडे बघून बोलत होते. चूक कबूल करून तास वसूल करणारा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही.

रफिकची ऑर्डर दोन महिने रेंगाळली, पण आली. पॅनेलवर टाइप केलेला नवा कागद लागला. त्यात आम्लाची पायरी पहिली आणि खाली साहेबांची सही. सरांचा गेटपास पुढे वाढवला गेला नाही. तसं त्यांना कुणी कळवलं नाही. पुढच्या शनिवारी बसच्या यादीत नाव नव्हतं, एवढंच. नंतर ते दौंडला मुलीकडे राहायला गेले. सकाळी सातला अर्धी अभिक्रिया अजून येते.

मला ते शेवटचे दिसले त्याच चौकशीच्या दिवशी. जायला गाडी मिळाली नाही, म्हणून जनरल शिफ्टच्या बसने माझ्याबरोबर शिरूरला निघाले. खिडकीजवळ बसले. बस हायवेला लागल्यावर त्यांनी विचारलं, "निमोणे, टाकीचा पीएच रोज कोण घेतं?"

"मी, सर."

"किती यायचा?"

"सहा. साडेसहा."

"अडीच पायजे होता."

"हो सर."

"तुला माहीत होतं?"

मी हो म्हणाले.

"कवापासून?"

"धुलाईची लाइन चालू झाली तेव्हापासून. तीन आठवडे."

माझ्या रजिस्टरमध्ये तीन आठवडे तो आकडा मी स्वच्छ अक्षरात लिहीत होते. शेजारी शेरा लिहायला रकाना होता, तो मोकळा सोडत होते. चौकशीतही कुणी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही.

"मग बोलली का न्हाईस?"

"तुमचा कागद होता, सर."

"म्हणून काय झालं?"

"दौंड तासभर उभा राहिला त्यानंतर तुमचं चुकलंय असं कधी म्हटलेलंच नाही, सर. कुणीच. मला ते तोंडातून काढता आलं नसतं."

मला वाटलं, ते रागावतील. रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी पुढच्या सीटच्या दांड्याला धरलं आणि बाहेर बघत राहिले. शिरूर आलं. उतरताना ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "हे बी मीच शिकवलं म्हणायचं."

मी काहीतरी बोलायला हवं होतं. नाही सर, तसं नाही, असं म्हणायला काही लागत नाही, शिष्टाचार म्हणून माणसं म्हणतातच. पण ते खरं नव्हतं, आणि त्या माणसाने त्या दिवशी सगळ्यांसमोर खरं बोलून दाखवलं होतं. मी गप्प बसले. सर खाली उतरले, रस्ता ओलांडायला चार माणसांबरोबर उभे राहिले, आणि माझी बस पुढे निघाली.